डोंगराला वळसा, पाळण्याच्या नटांसाठी

जानेवारीतला दुसरा शनिवार, सकाळचे साडेसात, अंधेरी पूर्वेतल्या आमच्या गाळ्याचं शटर. हजर: मी, सुलभा सामंत, कॉलेजपासूनची मैत्रीण आणि आता धंद्यातली भागीदार मेधा, टेम्पोचे मालक आणि चालक बाळा राणे, आणि मोजपेटी. तिला पुढच्या सीटवर आम्हा दोघींच्या मधे पट्टा लावून बसवावं लागतं. गैरहजर कोणी नाही.

"पेटीला पट्टा, आणि मेधाताईंना नाय?" बाळाने विचारलं.

"मी पडले तर उठेन रे. ती पडली तर महिनाभर धंदा बंद," मेधा म्हणाली.

आम्ही हत्यारांची मापं तपासून देतो. आजचं काम दत्ता परबांचं. परब म्हणजे जत्रेतले आकाशपाळणेवाले. त्यांनी बॅटरीवर चालणाऱ्या तीन गन घेतल्या आहेत. पूर्वी पाना घेऊन दोन माणसं जो नट आवळायची, तो ही गन टर्रर्र करत एकटी आवळते आणि लावून दिलेल्या जोराला पोचली की आपली आपण थांबते. ती खरंच तिथे थांबते का, हे बघायचं होतं. कारण गेल्या महिन्यात एका गावी पाळणा उभा करताना एका बोल्टचं डोकं तुटून खाली पडलं. कोणाला लागलं नाही, पण ती बातमी बोरिवलीच्या जत्रेच्या समितीपर्यंत पोचली. गन बरोबर असल्याचा आमचा कागद आल्याशिवाय पाळणा फिरणार नाही, असं समितीने परबांना सांगून टाकलं. जत्रा शनिवार-रविवारचीच. आज संध्याकाळी सहाला पाळणा फिरला नाही, तर परबांची जत्रा निम्मी संपली.

एक गन कांजूरमार्गच्या गोदामात, दुसरी मुलुंडला, तिसरी बोरिवलीला. आदल्या रात्री नकाशा उघडून मी क्रम ठरवला: पवईवरून कांजूर, तिथून मुलुंड, मग घोडबंदरचा घाट चढून बोरिवली आणि हायवेने परत. नॅशनल पार्कच्या अख्ख्या डोंगराला वळसा. इतकी वर्षं मुंबईत राहून मी तो कधी घातला नव्हता.

पवईला तलावावर धुकं होतं आणि धुक्यात बगळे. कांजूरला उतरलो तेव्हा वारा डोंगराकडचा होता, म्हणजे वास नव्हता. डम्पिंगकडून वारा आला की इथली माणसं खिडक्या लावून घेतात. गोदामाचं कुलूप परबांच्या पत्नीने, शालनवहिनींनी उघडलं. आत पाळण्याचे जुने डबे ओळीने ठेवलेले, एकावर मोर, एकावर विमान.

आमची पद्धत साधी आहे. जाड पोलादी ठोकळ्यात एक बोल्ट असतो, त्याच्याखाली मोजणारी चकती. नट आवळला की किती जोर लागला ते पेटीवर दिसतं. पहिलाच अपघात माझ्या हातून. सामानाच्या यादीत 'सॉकेट', म्हणजे गनच्या तोंडाला बसणारी, नट पकडणारी वाटी, या शब्दापुढे खूण होती, सॉकेटही होतं, पण एक नंबर मोठं. मेधाने यादी माझ्यापुढे धरून त्या खुणेवर बोट ठेवलं. बाळा कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडून योग्य नंबरचं सॉकेट मागून घेऊन आला. मग मेधाने गन दोनशेवर लावली आणि घोडा दाबला. एकशे शहाण्णव. पुन्हा. दोनशे तीन. पुन्हा, मग बॅटरी निम्मी उतरल्यावर पुन्हा. दोनशेच्या आसपासच.

"झकास मशीन आहे," मेधा म्हणाली.

वहिनींनी तोवर घावणे आणि चहा आणला होता. दोन खाऊन मी ताटली बाजूला ठेवली, तर तिसरा येऊन पडला.

"वहिनी, खरंच बस."

"दोन तुमचे खावन झाले. ह्यो देवाचो." (हा देवाचा.)

"देवाचा मी कसा खाऊ?"

"देव काय कांजूरमार्गाक येतलो घावणो खावक? त्याच्या नावान तुम्ही खावा. आमच्याकडे कायव एक वायच वर देवाचो." (वायच म्हणजे जरासा.)

देवाचा खाऊन आम्ही निघालो.

मुलुंडला परबांचा नावपाळणा उभा होता, पुढेमागे झुलणारी मोठी लोखंडी होडी. तिची देखभाल सदू बघतो. चाळिशीचा, तोंडात सुपारी, कामाला घट्ट. आधी जवळच्या उपाहारगृहात थालीपीठ आणि पियूष असा कार्यक्रम केला, कारण पुढे घाटात काय मिळेल याची खात्री नव्हती. मग ठोकळा मांडला. माझा एक नियम आहे: हत्यार रोज ज्याच्या हातात असतं त्यानेच चालवायचं. कांजूरला कोणी नव्हतं म्हणून मेधाने चालवलं. इथे गन सदूच्या हातात दिली.

दोनशे अडतीस.

"परत," मी म्हटलं.

दोनशे बेचाळीस. बॅटरी बदलली, दोनशे चाळीस. ठोकळ्यातला बोल्ट बदलला, तरी तेच.

"वाट लागली. ही गन गेलेली आहे," मेधा म्हणाली. तिने ती स्वतः हातात घेतली आणि चालवली. एकशे नव्व्याण्णव. तिने पेटीकडे पाहिलं, मग गनकडे, मग माझ्याकडे.

"ताईंका भिता मशीन," सदू म्हणाला. "माका नाय."

पुढच्या वेळी मी आकड्यांकडे पाठ केली आणि सदूकडे बघत उभी राहिले. टर्रर्र झालं, गन थांबली, दिवा लागला. काम संपलं. सदूच्या बोटाचं मात्र संपलं नव्हतं. त्याचे ओठ किंचित हलले आणि गन आणखी एकदा वाजली: टक.

"सदू, आता काय केलंत?"

"काय नाय."

"ते शेवटचं?"

"ता? ता देवाचो एक."

मला सकाळचा देवाचा घावणा आठवला. परबांच्या वडिलांच्या काळापासूनची ही रीत. नट पुरता आवळला की देवाच्या नावाने एक ओढ वर. हाताच्या पान्याने ती ओढ म्हणजे केवळ स्पर्श. गनची टक म्हणजे घणाचा घाव. तोही एकदाच नाही.

"रोज सकाळी फेरी मारतंव ना आमी," सदू अभिमानाने म्हणाला, "तेव्हा परत एकेक."

थांबलेला नट अशा प्रत्येक टकीला थोडा पुढे जातो आणि बोल्ट ओढला जातो, ताणला जातो. एक दिवस त्याचं डोकं हातात येतं. गेल्या महिन्यात आलंच होतं. होडी बंद ठेवायला सांगून, सदूकडून तसं कबूल करून घेऊन आम्ही निघालो. टेम्पोतून परबांना फोन लावला.

"परब, बोरिवलीच्या पाळण्याचे नट कोणी आवळले?"

"मीच. सगळे माझ्या हातान. कित्याक? (का?)"

"देवाचा एक दिलात?"

"दिलय तर! चार दिवस रोज. जत्रेचो पाळणो तो."

मेधाने डोळे मिटून घेतले.

घोडबंदरच्या रस्त्याने त्या दिवशी आमची परीक्षा पाहिली. घाटात एक लांब ट्रेलर वळणावर अडकला आणि आम्ही त्याच्यामागे. एरवी मी चिडले असते. पण डाव्या हाताला डोंगर उभा होता, पानगळीचा, राखाडी, मधेच एखादा पळस फुलायच्या बेतात. उजवीकडे खाली उल्हासची खाडी चांदीच्या पत्र्यासारखी पडलेली. एक माणूस डोक्यावर टोपली घेऊन गाड्यांच्या मधून बोरं विकत होता. आम्ही घेतली. आंबट निघाली.

"तू काय सांगणार त्यांना?" मेधाने विचारलं.

"गन बरोबर आहेत. पाळणा बरोबर नाही."

"सहाला उघडायचाय गं तो."

"माहीत आहे."

बोरिवलीच्या मैदानावर पोचलो तेव्हा चार वाजले होते. खाज्याचे ढीग लागले होते, कोंबडी-वड्यांच्या कढया तापत होत्या, आणि या सगळ्यावर परबांचा आकाशपाळणा, निळा-पिवळा, दिव्यांच्या माळा लावून तयार. परब साठीचे, बारीक, पांढरी टोपी. त्यांनी आधी पाणी विचारलं, मग कागद.

"गनांचा कागद देते," मी म्हटलं. "तिन्ही उत्तम असणार. पण हे बोल्ट उतरवावे लागतील."

"सगळे?"

"सगळे. ताणले गेलेत. सैल करून परत लावले तरी चालणार नाहीत, नवेच हवेत."

"सामंतबाय, तीस वर्सा पाळणो फिरवतंय. बापाशीन शिकवल्यानी (वडिलांनी शिकवलं) तसा आवळतंय. देवाचो एक देवचो नाय तर पाळण्यात बसतलो कोण? तुम्ही?"

वाद घालण्यात मला रस नव्हता. त्यांच्या पोत्यात उरलेल्या चार-पाच कोऱ्या बोल्टांतला एक मागून घेतला, ठोकळ्यात बसवला आणि परबांची गन त्यांच्याच हातात दिली. "रोज आवळता तसा आवळा."

टर्रर्र. दोनशे एक. परबांचे ओठ हलले. टक. आकडा वर गेला.

"हा आजचा. आता उद्याचा द्या."

टक. "परवाचा." टक. भोवती पाळणेवाले, खाजेवाले जमले. पुढच्या एका टकीला आकडा वाढायचा थांबला आणि उलट खाली येऊ लागला. बोल्ट आतून तुटत चालला होता. त्यानंतरच्या टकीला सुपारी फुटावी तसा आवाज झाला आणि डोकं ठोकळ्यावरून उडून परबांच्या चपलेशी पडलं.

परबांनी ते उचललं. वर पाळण्याकडे पाहिलं.

"म्हणजे देवाच्या नावान आमी..." ते तेवढ्यावर थांबले.

समितीचे गृहस्थ धावत आले. "अहो परब, शनिवार आहे! लोक पाळणा बघूनच आत येतात. आजचा दिवस चालवा, उद्या सकाळी बदला."

परबांनी बोल्टचं डोकं त्यांच्या हातात ठेवलं. "पाळणो आज बंद. माझ्या नातीक बसवूचंय नाय (बसवणार नाही) ह्याच्यार, तर दुसऱ्याच्या नातीक कसो बसवू?"

गृहस्थ डोकं हातात धरून उभे राहिले, स्वतःचं नव्हे, बोल्टचं.

पण खरा प्रश्न उरलाच होता. नवे बोल्ट येतील, परबांची माणसं ते आवळतील, आणि कोणी बघत नसताना बोट पुन्हा घोड्यावर जाईल. परब स्वतःच म्हणाले, "सांगीन मी. पण हात ऐकूचो नाय."

"परब, तुमच्याकडे देवाला गाऱ्हाणं कधी घालतात, सांभाळ म्हणून? काम झाल्यावर?"

"छ्या! आधी. गाऱ्हाण्याबिगर कामाक हात कोण लावता?"

"आणि देवाचा मान?"

"पयलो."

"मग नटाचा मान शेवटी का?"

परब हसले, त्या दिवसात पहिल्यांदा. एक कोरा बोल्ट घेतला, नट बोटांनी चढवला, "देवा, ह्यो तुझो," म्हणून हाताने पहिला वेढा दिला आणि मग गन लावली. टर्रर्र. दिवा लागला. सगळ्यांचं लक्ष त्यांच्या बोटाकडे. बोट हललं आणि घोड्यावरून खाली आलं.

दोनशे दोन.

"बापूस वरसून शिव्या घालीत असतलो," परब म्हणाले.

"त्यांच्याकडे गन कुठे होती," मेधा म्हणाली.

नवे बोल्ट ठाण्याहून उद्या दुपारी येतील, रात्रीपर्यंत लागतील, सोमवारी संध्याकाळी आम्ही प्रत्येक नट तपासू, मग मुलुंडची होडी. रविवारही गेला. समितीने पाळण्यासाठी जत्रा मंगळवारपर्यंत वाढवण्याचं बोलणं काढलं आहे. अजून नक्की नाही. सदूला परबांनी माझ्यासमोरच फोन केला आणि ज्या मालवणीत समजावलं ती इथे लिहिता येणार नाही.

निघताना परबांनी मला अडवलं. "आमची आणखी एक रीत. पाळणो उभो रवलो की पयल्या फेरीक गिऱ्हाईक नाय. जेणा आवळलो, जेणा तपासलो, तो बसता. सोमवारी तुम्ही."

मेधा खोकत वळली. तिला माहीत आहे: मी पहिल्या मजल्यावर राहते आणि गॅलरीत कपडे वाळत घालतानाही कठड्यापासून हातभर मागे उभी राहते.

"बघू," मी म्हटलं.

"बघू नाय. तुमचो कागद मी समितीक देतलय. माका तुम्ही होयात (हव्यात)."

परतीला हायवेवर गर्दी होती. दिंडोशीच्या उतारावरून मी मागे पाहिलं. तिथून बोरिवली दिसत नाही, हे मला ठाऊक होतं. वळसा पूर्ण झाला होता. आयुष्यभर मी आकडे बघून सांगत आले की हे हत्यार ठीक, ते नाही, आणि पुढच्या पत्त्यावर गेले. त्या आकड्यांवर स्वतः बसायला मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. सांगणं योग्यच आहे.

गाळ्यावर येऊन यादी पुरी केली. पेटी जागेवर: खूण. टायरवाल्याचं सॉकेट परत: बाळा करेल, खूण. गनांचा कागद, तिन्ही: कांजूर आणि बोरिवली खूण, मुलुंडची गन सदूच्या नव्या सवयीसह पुन्हा. खाली मेधाने, मला न विचारता, तिच्या गोल अक्षरात आणखी एक ओळ घातली: 'सोमवार, बोरिवली, पहिली फेरी, सुलभा.'

ती ओळ मी खोडलेली नाही. तिच्यापुढे खूणही नाही.