हाकेपुरतं काम

शेवंता सतत बोलायची. समोर माणूस असो नसो, तिचं तोंड चालूच. आमच्या गावच्या दूध डेअरीत ती कॅन धुवायची आणि धुता धुता मोठ्यानं सांगत राहायची, "आता तिसरा कॅन घेतला बघ. ह्याला लई वास मारतोय. कुणाच्या म्हशीनं काय खाल्लंय कुणास ठाव. आता पाणी वतते. आता घासते." गावानं तिला रेडिओ नाव ठेवलं होतं. डेअरीवर नवीन माणूस आला की ही कुणाशी बोलते म्हणून इकडंतिकडं बघायचा. कुणी दिसायचं नाही. डेअरीच्या मागच्या भिंतीला लागून शेवंता राहायची ती पत्र्याची खोली होती. तिचं दार उघडं असायचं आणि आत बाजेवर शेवंताची लेक छबू पडलेली असायची.

छबू तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल. तिला दिसत नव्हतं, बसता येत नव्हतं, हातपाय काटकीसारखे वाळून वाकडे झालेले. बोलता येत नव्हतं, हसली की तेवढा एक आवाज निघायचा. पण कान फार तिखट. आईचा आवाज येत असला की पोरगी निवांत पडून राहायची. आवाज थांबला की आधी मान फिरवायची, मग रडायची, आणि रडणं लांबलं की तिला फेफरं यायचं. दात बसायचे, अंग लाकडासारखं ताठ व्हायचं. म्हणून शेवंता थांबत नव्हती. नवरा ऊसतोडीला गेला तो तिकडंच दुसरीशी घर मांडून बसला. त्याच्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायची, "त्याला ऐकायचा कटाळा आला व्हता. त्याची काय चूक?"

मी त्या डेअरीची चेअरमन होते. बायकांची संस्था होती. चौथी शिकलेली, सही करणारी आणि भांडायला न भिणारी अशी मीच एकटी निघाले, म्हणून मला बसवलं. तोंडावर खरं बोलणारी बाई म्हणून माझं नाव होतं आणि मला ते आवडायचं. शेवंता बुद्धवाड्यातली. तिला कामावर घेताना मंडळातल्या दोघी-तिघी म्हणाल्या, कॅन धुवू द्या, पण दुधाच्या मापाला हात नको. मी मान डोलावली. तिला तसं सांगायला मीच गेले.

ती म्हणाली, "म्या धुतलेल्या कॅनात मंग तुमचं दूध वतता, ते चालतंय का आक्का?"

मी तिथला एक पालथा कॅन उगाच सरळ केला.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "मापाची जागा फुडल्या दाराला हाय. तिथून माझा आवाज छबीला जात न्हाई. मला धुण्याचंच पायजे."

मी सुटले. तोंडावर खरं बोलणारी बाई त्या दिवशी मंडळासमोर गप्प बसली होती, हे शेवंताला कळलं होतं. तिनं कधी बोलून दाखवलं नाही.

काम घ्यायची तिची रीतच वेगळी होती. मजुरी किती ते ती नंतर विचारायची. आधी विचारायची, रान किती लांब? एकदा सरपंचाच्या मळ्यात कापूस वेचायला बोलावणं आलं. पैसे बरे होते. तिनं मला छबूच्या बाजेजवळ उभं केलं आणि स्वतः मळ्याच्या बांधावर जाऊन तिथून हाक मारली. मला काही ऐकू आलं नाही. ती धापा टाकत परत आली.

"मान वळली का हिची?"

"न्हाई."

"मंग न्हाई जमत." आणि पुन्हा कॅन घासायला बसली.

अपंगाचा दाखला काढायला ती छबूला पाठीशी बांधून बीडला तीन खेपा गेली. डॉक्टरनं नव्वद टक्के लिहून दिलं. कागद तिनं माझ्याकडून वाचून घेतला. म्हणाली, "म्हंजी धा टक्के बरी हाय? ते धा कुठले, इचारायला पायजे व्हतं. दुधाची फॅट काढल्यागत पोरीची काढली की मेल्यानं!" आणि एवढ्यानं हसली की बाजेवरची छबूही हसली.

त्या कागदावर निराधारचा पगार सुरू झाला. पण तो घेणाऱ्या बाईला दुसरी कमाई नसावी अशी अट होती. डेअरीची मजुरी ती केवढी, अर्ध्या दिवसाची. तरी सरकारच्या लेखी ती कमाईच. शेवंताचं म्हणणं सरळ होतं. "अर्धी भाकर डेअरीची, अर्धी सरकारची. दोनी मिळून एक होती. फकस्त एकीपाशी दुसरीचं नाव काढायचं न्हाई." पूर्ण दिवस काम करावं तर पोरीकडं कोण बघणार, आणि नुसत्या पगारावर बसावं तर दोघींचं पोट भरत नाही. हे साऱ्या गावाला कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

मग दुष्काळ आला. ओळीनं दोन सालं पाऊस नव्हता. विहिरींच्या तळाला भेगा पडल्या. निम्मं गाव ऊसतोडीला निघून गेलं. जिथं वीस कॅन भरायचे तिथं चार भरेनात. त्याच दिवसांत निराधारच्या यादीची चौकशी निघाली आणि तालुक्याहून एक साहेब येऊन डेअरीत बसला. यादीवरून बोट फिरवत तो शेवंताच्या नावावर थांबला.

"ही बाई तुमच्याकडे कामाला आहे का?"

भिंतीपलीकडून तिचा आवाज येत होता. "आता चौथा पालथा घातला बघ. आज एवढंच. दूधच न्हाई तर काय धुवू?"

मी म्हणाले, "हाय की. सकाळ-सांज."

का म्हणाले? खोटं बोलायची मला सवय नव्हती, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते अर्धंच आहे. समोर साहेब होता, टेबलावर संस्थेचा शिक्का होता आणि मी चेअरमन होते. मंडळातल्या बायांपुढं जे खरं मी गिळलं होतं, ते त्या दिवशी मला बोलता आलं, कारण शेवंताची मला भीती नव्हती. तिचं कोण होतं?

पुढच्या महिन्यात तिचा पगार बंद झाला. त्यानंतर पंधरा दिवसांत डेअरीलाही कुलूप लागलं. गावची सगळी जनावरं चारा छावणीत गेली होती. छावणी दीड कोसावर, माळावर. दूध तिथंच काढायचं, तिथंच गोळा करायचं, कॅनही तिथंच धुवायचे. शेवंता छबूला घेऊन दोन दिवस गेली. धुरळा, शेण, शेकडो जनावरांचं हंबरणं, त्यात आईचा आवाज पोरीला कुठं लागणार? दोन्ही दिवस फेफरं आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीवर गेले.

"तू जा छावणीत. दुपारपस्तोर म्या बसते हिच्यापाशी."

छबूला पाठीशी बांधायला घेतलेलं लुगडं तिनं खाली ठेवलं. "तुमी?"

"कावून? मला बसता येत न्हाई व्हय?"

"बसता येतंय. पर बोलावं लागंल, आक्का. थांबायचं न्हाई."

"एवढं काय बोलू म्या?"

"शिव्या येत्यात की तुमाला. त्याच द्या."

पहिले दोन दिवस माझ्या आवाजानं छबूनं भोकाड पसरलं. तिसऱ्या दिवशी मी खरंच शिव्या द्यायला लागले. टँकरवाल्याला दिल्या, मंडळातल्या बायांना दिल्या, मग माझ्या मेलेल्या सासूवर आले. सासूवर आले तशी पोरगी हसली. तेव्हापासून रोज सासूपासून सुरुवात. साऱ्या जन्मात मी जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या दीड महिन्यात बोलले. माझी शाळा का सुटली, माझं पहिलं लेकरू कसं गेलं, नवऱ्यानं कोणत्या हातानं मारलं. तिला काही कळत नव्हतं, म्हणून तिला सगळं सांगता येत होतं. बोलता बोलता मी तिच्या तोंडात भाकरीचा काला भरवायची आणि ती माझं बोट चावायची.

एके दिवशी तेही सांगितलं. "तुझा पगार म्या बंद केला, छबे. सायबाला म्याच बोलले."

वर बघितलं तर दारात शेवंता उभी. छावणीत त्या दिवशी पाण्याचा टँकर आला नव्हता, कॅन तसेच राहिले, म्हणून ती लवकर परतली होती. मला वाटलं, आता ही तोंड सोडणार. तिनं पायातल्या चपला काढल्या, माठातलं पाणी प्याली.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "सायबानं तवाच सांगितलं. चेअरमनबाई म्हनल्या म्हणून."

"मंग मला हितं बसू कावून दिलंस?"

"दुसरं कोण बसलं असतं, आक्का? बाकीच्यांनी काय माझं वाकडं केलं न्हाई."

ती रागानं बोलली नाही. आज भाजी काय केली ते सांगावं तशी बोलली. पण मला ते झोंबलं. मी समजत होते, मी मोठं मन करून येते. आणि ही मला शिक्षेला बसवत होती. खरं बोलायची मला सवय होती, ऐकून घ्यायची नव्हती. दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. निरोपही पाठवला नाही. मनात म्हटलं, येईल बोलवायला, मग जाईन. ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही मी घरात ज्वारी निवडत बसले. ज्वारी निवडलेलीच होती. चौथ्या दिवशीही गेले नाही.

कामाचा एक खाडा झाला असता तर छावणीतली तिची जागा दुसरीला मिळाली असती. चार जणी टपलेल्या होत्या. तिनं ते तीन दिवस पोरीला एकटी ठेवलं, दाराला बाहेरून कडी घालून. दोन दिवस छबू रडून रडून झोपी गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी शेवंतानं कडी काढली तेव्हा बाजेवर अंग थंड पडलं होतं.

मी गेले तेव्हा तिनं पोरीचं तोंड पुसून, केस विंचरून ठेवले होते. मी उंबऱ्यातच टेकले. शेवटी म्हणाले, "शेवंते, तीन दिस म्या आले न्हाई."

"न्हाई आलात," ती म्हणाली. "अन् म्या कामाला गेले. दोघींनाबी ठाव हाय. आता ह्येबी कुणा सायबाला सांगू नका."

पुढं पाऊसपाणी झालं, जनावरं गावात परत आली, डेअरी उघडली. शेवंता पुन्हा कॅन धुवायला बसली. आणि बोलायला लागली. तसंच, तेवढ्याच मोठ्यानं, त्या खोलीच्या उघड्या दाराकडं तोंड करून. "आता दुसरा घेतला बघ. आता पाणी वतते." दूध घालायला आलेली माणसं खाली मान घालून किटली रिकामी करायची आणि निघून जायची. रेडिओ म्हणायचं गावानं सोडून दिलं. मंडळातल्या बाया मला म्हणाल्या, चेअरमनबाई, तिला आवरा, आमची लेकरं डेअरीवर यायला भितात.

मी गेले. "शेवंते, छबी गेली बाई. आता कुणासाठी बोलतीस?"

तिनं घासणं थांबवलं नाही. "ती गेली हे तिला कुठं ठाव हाय, आक्का? तिला आधीबी अंधारच व्हता. आवाज थांबला तर भिईल की."

मी मागं फिरले आणि मंडळाला सांगितलं, ती बोलणार. ज्याला भीती वाटते त्यानं दूध दुसरीकडं घालावं. कुणी उलट बोललं नाही. एवढं एक मी केलं, तेही फार उशिरा.

दोनेक वर्षांनी तिचा भाऊ परळीहून टेम्पो घेऊन आला. तिकडं वीज केंद्राच्या बाजूला त्याची खोली होती, बायको आजारी होती, घरात माणूस हवं होतं. सामान म्हणजे दोन गोधड्या, एक पत्र्याची पेटी, चार भांडी. बाज तिनं घेतली नाही. भाऊ म्हणाला पुढं बस, तर ही मागं सामानात चढली, गावाकडं तोंड करून. मी खोलीच्या दारात उभी होते. माझ्याशी ती काही बोलली नाही. माझ्या खांद्यावरून आत बघून बोलली.

"आता टेंपोत बसले बघ. आता मामानं गाडी चालू केली. लई धूर सोडतीय. आता डेअरी मागं गेली. आता वेस आली."

टेम्पो पुढं गेला तसा तिचा आवाज चढत गेला. शब्द कळेनात, नुसता आवाज येत राहिला. मळ्याच्या बाजूनं गाडी वळली तेव्हा ती ओरडत होती, घशाच्या शिरा तुटाव्यात तशी. मग तेही ऐकू येईना.

मी भित्री बाई नाही. मढ्यापाशी एकटी बसलेली आहे. पण त्या खोलीतली ती शांतता मला सोसेना. मी आत गेले, बाजेच्या कडेला बसले आणि बोलायला लागले. काय बोलले ते इथं लिहीत नाही. दुपार होईपर्यंत थांबले नाही.