बाबांचा आवाज ऐकायला अमरावतीला

अकोल्याला हा सिनेमा लागलाच नाही. अमरावतीत लागला, तोही दुपारचा एकच खेळ. म्हणून पुण्याहून रातोरात बाळापूरला आलो आणि सकाळी आईला म्हटलं, चल.

सिनेमा दोनशे वर्षांपूर्वीच्या एका विलायती भयकादंबरीवरचा. मढ्यांचे तुकडे जोडून माणूस उभा करणारा डॉक्टर, पण आणलेला थेट आजच्या वऱ्हाडात. बाळापूरच्या किल्ल्यात शूटिंग झालं तेव्हा तिरडीच्या प्रसंगासाठी झेंडू आमच्या शेतातून गेला, आणि फुलं पोचवायला गेलेल्या बाबांनाच दिग्दर्शकानं फुलवाला म्हणून बसवलं. एकच प्रसंग, दोन वाक्यं. महिन्याभरात बाबा गेले. छातीत कळ आली, दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

बाबा फुलांचा हर्रास पुकारायचे. लिलावातला त्यांचा आवाज पार सडकेपर्यंत जायचा, पण फोनवर 'हो, बरं' म्हणून ठेवून द्यायचे. त्यामुळे घरात फोटो ढीगभर, आवाज कुठेच नाही.

बाळापूरहून अकोल्याला एसटी भरपूर आहेत. तिथून अमरावती अडीच-तीन तास. रस्ता आता छान झालाय, दोन्हीकडे कपाशी. आई खिडकीशी बसली होती.

"चेहरा फोटोत हाये," ती म्हणाली. "मी डोये मिटून बशीन. मले आवाजच आयकाचा हाये."

अमरावतीत उतरलात तर दह्यातला गिला वडा खाच. आईनं तोंडही लावलं नाही, दोन्ही प्लेटा मीच संपवल्या.

थिएटरात पंधराएक माणसं. मध्यंतराच्या जरा आधी बाबा आले. हार ओवत बसलेले. दोरा दातांनी तोडला, वर पाहिलं आणि बोलले. ओठ बाबांचे, आवाज भलत्याच कुणाचा, गुळगुळीत, शहरी. डबिंगला बाबा उरलेच नव्हते, हे एवढं शिकलेल्या माझ्या डोक्यात आधी यायला नको? शेजारी आई डोळे घट्ट मिटून बसली होती. तो परका आवाज तिच्या कानावरून गेला आणि ती आपल्या माणसाची वाट बघत राहिली.

प्रसंग संपल्यावर तिनं हळूच विचारलं, "आले का रे?"

"नाई अजून," मी म्हणालो. एवढा भेकडपणा मी जन्मात केला नव्हता.

शेवटी तो शिवलेला माणूस रडतो तेव्हा मागे कुणीतरी हसलं. सिनेमा चांगला आहे की वाईट, मला विचारू नका.

परतीच्या गाडीत बडनेरा सोडल्यावर खरं सांगितलं.  मूर्तिजापूरला तिनं बाबा काय करत होते ते विचारलं. मी हाराचं सांगितलं, दोऱ्याचं सांगितलं.

"दातानंच तोडला ना," ती म्हणाली. "किती सांगो त्यायले, कैची घेत जा म्हून." आणि मग अकोल्यापर्यंत रडत होती.

घराचं कुलूप काढताना म्हणाली, आवाज नसला तर नसू दे, उद्या पुन्हा जाऊ, या खेपेला डोळे उघडे ठेवीन. मी फोनवर खेळाची वेळ बघायला गेलो. दुसऱ्या दिवसापासून तिथे वेगळाच सिनेमा होता.

आता पुण्यात आहे. आई रोज फोन करते आणि तेवढाच प्रसंग पुन्हा सांगायला लावते. काल तिनं विचारलं, सदरा कोणता होता अंगावर? सदऱ्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. मी तेव्हा तिच्याकडे बघत होतो.