कासवाची कांडी

सन दोन हजार चोवीस, मार्चचा शेवट. साखर कारखान्यांचे पट्टे नुकतेच पडून गाळप थांबलं होतं, ऊन तापू लागलं होतं. पशुखाद्याच्या दुकानात रिकामं बारदान साचतं तसे किस्सेही साचतात. टाकवत नाहीत. त्यातले एका कासवाचे तेवढे झटकून सांगतो.

मी चौथी शिकलेला. खाद्याच्या गिरणीत मिक्सरवर अठ्ठावीस वर्षं काढली. आता बारामतीत पुतण्याच्या दुकानात बसतो. पुढे गाईची पेंड, मागे कुत्री, मांजरं आणि पोपटांचं खाणं.

सणसरचे तात्या माझे जुने स्नेही. ऊस आणि गाई हेच त्यांचं जग. त्यांच्या लेकीने पुण्यात एक परदेशी, जमिनीवरचं कासव रीतसर नोंदणी करून पाळलं होतं. संक्रांतीला तिची वर्षासाठी बदली झाली. आई गेल्यावर तेच माझ्या सोबतीला होतं, सांभाळा, एवढं सांगून तिने ते बापाच्या हवाली केलं.

मार्चमध्ये तात्या दुकानात आले ते उतरल्या तोंडाने. कासव पातळ हगत होतं, पाठीवर टेंगळं वर येत होती. "आबा, लेकीला काय तोंड दाखवू?" एवढंच म्हणाले.

*

कासवाच्या खाण्याचं, दाबून केलेल्या कांड्यांचं पाकीट आमच्याच दुकानातलं. वर हिरव्या पानांचं चित्र. मी पुतण्याला मागची बारीक अक्षरं वाचायला लावली. मका, सोयाबीन, गव्हाचा भुसा, उसाची गोड मळी, आणि पार तळाला गवत.

जे जास्त ते आधी लिहायचं, हा गिरणीचा नियम मला ठाऊक. म्हटलं, "हे तर लग्नपत्रिकेत नवरदेवाचं नाव किलबिल मंडळींच्या खाली छापल्यासारखं झालं."

पुतण्याने पाकिटं काउंटरवरून उचलून मागे ठेवली.

*

त्याच आठवड्यात कंपनीचा सेल्समन आला. मी त्याच्यासमोर एक कांडी फोडून तोंडात टाकली. गिरणीत आम्ही माल असाच तपासायचो. चावायचा, मग पाण्यात भिजवायचा. तो घाबरला. हे माणसाने खायचं नसतं, म्हणाला.

कांडी गोड होती. मळी बेताची नव्हती. मी तसं सांगितलं, तर तो म्हणाला, "पण आजोबा, जनावर किती आवडीनं खातं!"

"तंबाखूपण माणूस आवडीनंच खातो," मी म्हटलं.

*

आता सेल्समनच्या बाजूचाही किस्सा सांगायला हवा. तो बसलेला असतानाच तात्या आले, कासवाच्या ताटलीतलं उरलेलं खाणं पुडीत बांधून. मी ते पाण्यात टाकलं. वर सरकीची टरफलं तरंगली, कापसाचं तूस धरलेली. सेल्समनने छातीवर हात ठेवून सांगितलं, आमच्या मालात सरकी नाही. पाकिटावरही नव्हती. सरकी पडते ती गाईच्या कांडीत.

मी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी रस्त्याकडे.

मग कबूल झाले. कासव सुकलेलं वाटलं म्हणून त्यांनी गाभण गाईची कांडी रोज मूठभर मिसळली होती. "अंगावर याया पायजे म्हणलं."

"तात्या, त्याचं दूध काढायचंय का?"

सेल्समनला त्या दिवशी चहा मी पाजला.

*

मग आम्ही कासव पाटीत घालून पेट क्लिनिकला नेलं. डॉक्टरीणबाई तरुण. तिने तपासून सांगितलं, दोन्ही कांड्या बंद, मका-सोयाबीन बंद. रोज कोमट पाण्यात बसवा आणि फक्त जाडंभरडं गवत द्या. आलेली टेंगळं जाणार नाहीत, पण जीव वाचेल.

हे गवताचं मी तात्यांना आधीच सांगितलं होतं. तात्यांनी तसं तिला म्हणून दाखवलं. तिने मला विचारलं, शिक्षण कुठे झालं?

म्हटलं, मिक्सरवर.

*

गवताचीच अडचण झाली. तात्यांच्या रानात बांधापासून बांधापर्यंत ऊस, आणि बांधावर तणनाशक. शेजाऱ्यांचंही तेच. बागायतदाराच्या घरी कासवापुरतं निर्धोक गवत नव्हतं.

माझं रान इंदापूरच्या अंगाला, मुरमाड. कालव्याचं पाणी तिथे चढत नाही, म्हणून त्याला लोक हसतात. औषधाचा थेंब त्याने पाहिलेला नाही. बांधाला मारवेल, जाडंभरडं रानगवत, उभ्याने वाळलेला होता. मी स्वतः कापला आणि टेम्पो भरून सणसरला गेलो.

पूर्वी एका टंचाईत माझी गाय तात्यांच्या उसाच्या वाढ्यांवर, शेंड्याच्या पाल्यावर, जगली होती. गाडीभर वाढं त्यांनी दारात आणून टाकलं होतं. ते फेडायला मी तीनदा वैरण घेऊन गेलो. तिन्ही वेळा, घरचं लई हाय, म्हणून त्यांनी मला माघारी लावलं होतं.

कासव तीन दिवस गवताकडे पाठ करून बसलं. तात्याही जेवले नाहीत. चौथ्या सकाळी त्यांचा फोन आला.

"आबा, खातंय."

मी गेलो. कासव मान लांब करून मारवेल ओढत होतं. तात्यांनी उरलेल्या पेंढ्या गोठ्याच्या माळ्यावर नीट रचून ठेवल्या होत्या.

मी विचारलं, "माघारी नेऊ का?"

"ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले. "फिटलं."