डोळ्यांवरचा हात

सूनबाईनं फिनेल टाकून फरशी पुसली, की मला सोलापुरातला मिशनचा दवाखाना आठवतो. माझा बिरू नऊ वर्षांचा, पोटाच्या ऑपरेशनसाठी स्ट्रेचरवर झोपवलेला, आणि समोरच्या भिंतीवर ते चित्र! म्हातारा बाप, एका हातात सुरा, दुसरा हात बांधलेल्या पोराच्या डोळ्यांवर. मागं झुडपात शिंगं अडकलेला मेंढा.

"असलं चित्र हितं लावतात व्हय?" मी सिस्टरवर खेकसलो.

"मामा, देवानं मुलाचा बळी मागून या बापाची परीक्षा घेतली. शेवटी मुलगा वाचला, त्याच्या जागी मेंढा गेला," ती म्हणाली. "बापाचा चेहरा बघा, केवढी श्रद्धा आहे!"

मी चौथी नापास, पण जन्म मेंढरांत गेलाय. म्हटलं, "श्रद्धा न्हाय ती, सिस्टर. बकरं कापताना आमी बी त्याचं डोळं झाकतो. त्यानं आपल्याकडं बघितलं, तर सुरा चालत न्हाय. पोराची नजर सोसंना झालीय त्या बापाला. आन् त्याचा हात कसा काढलाय बघा, दगडासारखा, जरा बी न हलणारा! चित्रकाराला पोरंबाळं नसतील."

तेवढ्यात स्ट्रेचर हललं. आतल्या दारापर्यंत मी बिरूच्या डोळ्यांवर हात ठेवून चाललो. तो ओरडत होता, "आप्पा, हात काढा की, मला दिसंना!"

आता बिरूची पोरं कॉलेजात आहेत. ही गोष्ट निघाली, की तो त्यांना हसत सांगतो, "आप्पांचा हात लई थरथरत होता."

किती वेळा सांगायचं ह्या माणसाला? हात नव्हता थरथरत. स्ट्रेचरचं चाक वाकडं होतं.