शनीला वारा, बॅटरीला गोधडी

गोरक्षला आईला शनी दाखवायचा होता. सगळं अडलं ते बॅटरीपाशी.

तो सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होता. दिवसभर लोखंड तासायचा आणि घरी आला की काच घासायचा. दोन हिवाळे घासघास घासून त्याने आरसा घडवला, पत्र्याच्या नळीत बसवला आणि गच्चीवर दुर्बीण उभी केली. गल्लीतले लोक तिला तोफ म्हणत. उज्वला, त्याची बायको, सवत म्हणे.

आई, कुसाबाई, वणीजवळच्या खेड्यात राहायच्या. गोरक्ष पाळण्यात असताना त्याचे वडील गेले. पोराच्या पत्रिकेतला शनी नडला, असं कुणीतरी तेव्हा बोलून गेलं. कुसाबाईंनी हे लेकाजवळ कधी काढलं नाही. शनिवारचा उपास मात्र धरला तो धरलाच. लेकाच्या कानशिलावर पांढरे केस आले तरी त्याच्यासाठी त्या दर शनिवारी उपाशी राहायच्या. आता त्यांना साखर निघाली होती. मागच्याच महिन्यात एका शनिवारी त्या विहिरीवर चक्कर येऊन पडल्या. उपास बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. त्या हो म्हणाल्या आणि पुढच्या शनिवारी पुन्हा उपाशी राहिल्या.

२००३ चा डिसेंबर होता. कुसाबाई संक्रांतीपर्यंत नाशकात राहणार होत्या. शनी त्या दिवसांत संध्याकाळीच पूर्वेला उगवायचा आणि जेवणाच्या वेळेपर्यंत चांगला वर यायचा. आईने त्याला एकदा नीट पाहिलं तर तिची भीती जाईल, असं गोरक्षच्या मनाने घेतलं.

कुसाबाई तयार होईनात. शनीच्या देवळातही त्या मूर्तीसमोर उभ्या राहत नसत, बाजूने हात जोडत. डोळ्याला डोळा द्यायचा नाही, ही रीत. गोरक्षने त्यांना दुर्बीण समजावली. हिच्यात शनीकडे तोंड करायचंच नाही. तो पूर्वेला, तू उत्तरेकडे तोंड करून उभी राहा. बघायची जागा नळीच्या कुशीला आहे. दिसेल तेही आरशातलं. हे त्यांना पटलं. आरशातल्या रूपाला रीत आड येत नव्हती.

राहिला पंखा. दिवसभर तापलेला आरसा थंड हवेत आला की त्याच्यावरून ऊब उठते, आणि तापल्या तव्यापलीकडचं दिसावं तसं चित्र हलतं. म्हणून गोरक्षने आरशामागे कॉम्प्युटरमधला छोटा पंखा बसवला होता. तो चालवायला त्याने भंगारातून इमर्जन्सी लाइटची बॅटरी आणली, चार्ज केली आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर, शेगडीशेजारी ठेवून तपासली. पंखा जेवणं होईपर्यंत भिरभिरत राहिला. गोरक्ष खूश झाला.

गच्चीवर अंगात कापरं भरवणारी थंडी होती. बॅटरीने जरा वेळात मान टाकली. पंखा थांबलेला गोरक्षच्या ध्यानात येण्याआधीच कुसाबाईंनी डोळा लावला होता.

त्या झटकन मागे सरल्या.

"थरथरतोय," त्या म्हणाल्या. "रागावलाय रं तो. मी बघितलं म्हणून."

गोरक्षने नाना परीने सांगून पाहिलं. त्या खाली उतरल्या, आणि पुढच्या शनिवारी त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. उज्वलाने रात्री भांडी जरा जोरातच आपटली. भीती काढायला गेलास आणि दुप्पट करून ठेवलीस, एवढंच ती म्हणाली.

गोरक्ष धनराजकडे गेला. धनराज चौकात बॅटऱ्या चार्ज करून द्यायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि आधी हसून घेतलं.

"शेगडीजवळ कुणीपण नाचंल, मित्रा. थंडीत बॅटरीचं म्हाताऱ्या माणसासारखं असतं. अंगात जीव असतो, पण उठवत नाही. त्यात तुझी भंगारातली."

पेन्सिल सेल चार्ज करून वापरावेत, असं गोरक्षच्या मनात होतं. ते थंडीत बरे टिकतात, हे धनराजलाही मान्य होतं. पण पंख्याला दहा लागणार. त्यातला एक रुसला की सगळी माळ बसली. मोटरसायकलची बॅटरी दांडगी, पण कलंडली तर तेजाब सांडणार, आणि गच्चीत अंधार. शेवटी धनराजने यूपीएसची बंद डब्याची बॅटरी काढली, कोरी करकरीत. हिला पंख्याचं ओझं काहीच नाही, थंडीने निम्मी ताकद खाल्ली तरी पुरून उरेल, असं तो म्हणाला. फक्त उघड्यावर ठेवू नको. काहीतरी पांघरूण घाल.

संध्याकाळी गोरक्ष गोधडी घेऊन जिना चढताना कुसाबाईंनी पाहिलं. गोधडी त्यांच्या हातची होती.

"कुणाला नेतोस ती?"

"बॅटरीला. थंडी वाजते तिला."

त्याच्या हातांचं मशीनचं तेल लागून गोधडीची वाट लागणार, हे त्यांना दिसलं. पुटपुटत त्या मागोमाग वर आल्या, गोधडी त्याच्या हातातून काढून घेतली आणि तान्ह्या बाळाला गुंडाळावं तशी बॅटरी स्वतःच गुंडाळली. वायर तेवढी बाहेर ठेवली. मग पंख्याची घरघर ऐकून त्या थबकल्या.

"हिला गोधडी, आन् त्या आरशाला वारा? या थंडीत?"

गोरक्षने त्यांचा हात धरून नळीच्या तोंडाशी नेला. आतून ऊब येत होती. मग त्याने पंख्याला बराच वेळ फिरू दिलं. त्याने त्यांचा हात पुन्हा तिथे नेला तेव्हा हवा गार लागली.

"त्या दिवशी ही ऊब थरथरत होती, आई. तो नव्हता."

कुसाबाईंनी पदर सावरला. उत्तरेकडे तोंड केलं. खूप वेळ त्या वाकूनच राहिल्या. गोरक्षला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"किती गप उभा हाय," त्या हळूच म्हणाल्या. "एकटाच हाय व्हय रं तो?"

शनिवार आला. उज्वलाने न विचारता साबुदाणा भिजवला होता. कुसाबाई न्हाऊन शनीच्या देवळात जाऊन आल्या. तेल वाहिलं होतं, तेलाचा वास पदराला होता. गोरक्ष काही बोलायला गेला, उज्वलाने त्याला डोळ्यांनीच दटावलं.

कुसाबाई पाटावर टेकल्या. साबुदाण्याची ताटली त्यांनी हळूच बाजूला सारली.

"भाकर नाय का केली?"

उज्वला लगबगीने पिठाच्या डब्याकडे वळली. कुसाबाई लेकाकडे न बघताच म्हणाल्या, "तेलाचं निराळं. थंडी लय हाय त्याला वर."