माझ्या लेखावर कुणी जांभई देईना

आमचं अभ्यासमंडळ दर अमावस्येला भरतं. मंडळात देव मानणारे थोडे आणि अमावस्या पाळणारं तर कुणीच नाही; पण त्या दिवशी लातूरचा मोंढा, म्हणजे धान्यबाजार, बंद असतो आणि मंडळातले बहुतेक जण मोंढ्यातले हमाल आहेत. क्रांतीची चर्चा करायला तेवढीच सुट्टी मिळते.

मंडळाचं एक पत्रक निघतं, जमेल तेव्हा. त्यात छापायचा लेख आधी सगळ्यांना वाचून दाखवावा लागतो. नियम एकच: ज्या वाक्याला ऐकणाऱ्याला जांभई आली, त्यावर पेन्सिलीची काट. पेन्सिल असते सगळ्यांत जुन्या हमालाकडे. त्यांना आम्ही मामा म्हणतो. एका प्राध्यापकांचा भांडवलशाहीवरचा लांबलचक लेख असा कापता कापता चार ओळींवर आला, तेव्हा मी पोट धरून हसले होते.

मग माझी पाळी आली. मी कॉलेजात शिकवते, पण मोंढ्यात माझी ओळख आडत्याची मुलगी अशीच. मामा आमच्याच आडतीवर, म्हणजे वडिलांच्या धान्याच्या पेढीवर, पोती उचलतात. 'कला आणि कामगार' हा माझा अकरा पानी लेख मी वाचायला घेतला. 'श्रमिकांच्या आयुष्यातून सौंदर्य हद्दपार झाले आहे' असलं काय काय त्यात ठासून भरलं होतं. एकही जांभई आली नाही. मी आतून फुगत चालले. शेवटच्या पानावर मान वर केली, तर मामांचे ओठ घट्ट मिटलेले, नाकपुड्या फुगलेल्या आणि डोळ्यांत पाणी. शेजारचा गडी स्वतःच्याच मांडीला चिमटे घेत होता.

"मामा, जांभई दाबून बसलाय ना?"

"न्हाई अक्का. लई भारी लिवलंय तुमी."

"खरं सांगा."

"आता मालकाच्या लेकीम्होरं तोंड कसं वासावं?"

मला रडूच आलं. अकरा पानं समतेवर लिहिली आणि त्या खोलीत मी अजून मालकाची लेकच! चिडून म्हणाले, "मग काय चुकलं ते तोंडानं तरी सांगा."

मामांनी पेन्सिल खाली ठेवली. "ल्हानपणी आडतीत पोत्याच्या थप्पीला टेकून तुमी अभ्यास करायच्या. ती थप्पी पडली का कधी?"

"नाही."

"ती मीच लावायचो. कोपऱ्याला एक पोतं उभं, एक आडवं, आसं बांधत न्यावं लागतं. आजबी मीच लावतो. अन् तुमी लिवलं, आमाला कला न्हाई."

त्या थप्पीला टेकून मी दहावीपर्यंत पोचले होते. ती कुणी लावली, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. फार लाज वाटली.

महिनाभर संध्याकाळी आडतीवर जाऊन मी थप्पी लागताना बघितली. हजार प्रश्न विचारून सगळ्यांना भंडावलं. नवा लेख तीन पानांचा झाला, सगळा थप्पीवरच.

पुढच्या अमावस्येला तो वाचला. पहिल्या पानावर कोपरा कसा बांधावा यावरून दोघांची जुंपली. दुसरं पानही सरळ गेलं. तिसऱ्यावर मात्र माझी जुनी खोड उफाळून आली आणि 'ऐतिहासिक परिप्रेक्ष्यात पाहता' असं एक वाक्य निघालं. मामांनी माझ्याकडे सरळ बघितलं, जबडा उघडला आणि दाढा दिसतील अशी, चांगली आवाजासकट जांभई दिली. पाठोपाठ चिमटेवाल्यानंही दिली.

"हे काढ अक्का," पेन्सिल पुढे करत मामा म्हणाले. "फुडं वाच."

मी हसत हसत ते वाक्य खोडलं. इतका मोठा मान मला आजवर कुणी दिला नव्हता.