पुरावा म्हणून राखलेली खांड

हौसाआत्यावर अन्याय झाला तो भाद्रपद अमावस्येला, दुपारच्या भरतीला. पेणच्या खाडीकाठी तिचं भात उभं होतं, त्यात खारं पाणी शिरलं. पाणी समुद्राचं, पण त्याची वाट सरकारी कार्यालयानं मोकळी ठेवली होती. माघात आत्या गेली. चुलतभावाचा फोन आला तेव्हा मी रोह्याच्या बाजारात पत्रकं वाटत होते... पुढचं पत्रक कोणाच्या हातात दिलं, आठवत नाही.

खाडीचं पाणी अडवणारा बांध नवा, सरकारी ठेक्यातला. आषाढात त्याला खांड पडली. बैलगाडी जाईल एवढं भगदाड. ठेकेदार म्हणाला, आराखडा चुकला. खातं म्हणालं, माती हलकी वापरली. कोर्टात न जाता समितीपुढं मिटवायचं ठरलं. चांगलंच ठरलं, कोर्टात पिढी गेली असती! पण दोघांची एकत्र पाहणी होईपर्यंत खांडीला हात लावायचा नाही म्हणे, कारण ती पुरावा. गाव फावडी घेऊन आलं, तर खात्याचे साहेब आडवे उभे.

"आमी भरताव, तुमी भांडा," आत्या म्हणाली.

"मावशी, भरलीत तर चूक कोणाची, ते कसं कळणार?"

"मंग आताच मोजा ना! ह्यो ठेकेदार हाय, तुमी हाव, साक्षीला आमी हाव. फोटू काढा, सह्या करा."

"असं बांधावर होत नाही. समितीची बैठक पेणला असते, ती पुढं गेलीय."

"बैठक ढकलताव तशी उधाणाची भरती ढकला बगू!"

ठेकेदारसुद्धा हसला. साहेब हसले नाहीत. बैठक पुन्हा पुढं गेली, पाहणीला कोणी फिरकलं नाही. उधाण मात्र आलं. त्यानंतर आत्या ओटीवर शेताकडं पाठ करून जेवायची.

पौषात वाद मिटला. दोघांचा एकमेकांवर दावा नाही, असा समझोता. पेढे वाटले. खांड कोणी भरायची, याबद्दल त्यात एक शब्द नाही! शेतकरी पक्षकारच नव्हते ना. आत्या तेव्हा अंथरुणावर होती. मी सांगितलं, तर म्हणाली, "दोगांचा जुळला, बरा झाला गो. पानी कुनाच्या नावावर लावला?"

खांड आजही उघडी आहे. येत्या अमावस्येच्या आदल्या दिवशी आत्याची शोकसभा आम्ही त्याच बांधावर ठेवली आहे. हार आणू नका, भाषण तर नकोच. फावडं-घमेलं घेऊन या. वाद मिटलाय, म्हणजे पुरावाही संपला. तरी कोणी साहेब अडवायला आलाच, तर पहिलं घमेलं त्याच्या हातात द्या.